माठाला बोलावणं आलं, सिस्टरला नाही

मी माठ बोलतोय. हसू नका. शाळेत 'माठ' कुणाला म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. वरच्या वर्गातून ही हाक आली की मी अजूनही उगाच दचकतो. तर तो माठ मी नव्हे. मी मातीचा, गळ्याशी अरुंद, पोटानं गोल, तुमच्या स्वयंपाकघरातल्या माठाचा धाकटा भाऊ म्हणा ना. मुकुंदवाडीच्या अलीकडच्या एका शाळेत, सिस्टरच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा आहे. इथले बहुतेक लोक मला मडकं म्हणतात. म्हणोत बापडे.

कडुबा कुंभारानं मला चाकावर चढवलं आणि त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, फळीनं थोपटून थोपटून गोल केलं. हात चालू तसं तिचं तोंडही चालू असायचं. "माठाला भोकं असतेत," ती सुनेला सांगायची, "डोळ्याला दिसत नायत, पर असतेत. त्यातून घाम येतो, म्हणून आतलं गार राहतं. ज्याला घाम येत नाय तो माठ काय कामाचा?" भट्टीतून निघालो तेव्हा तिनं बोटाच्या पेरानं मला टकटक वाजवलं. खणखणीत आवाज आला. "हा टिकल," ती म्हणाली. त्या एका शब्दाचा मला आजवर गर्व आहे, लपवून काय करू?

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पालाच्या सावलीत आम्हाला विकायला मांडलं होतं. गिऱ्हाईक यायचं, एकेकाला उचलायचं, वाजवायचं, परत ठेवायचं. आमच्यात ही रीतच आहे. न वाजवता माठ कुणी घरी नेत नाही. एके दिवशी स्कूटीवरून एक बाई उतरल्या. साडीवर पांढरा कोट, केसांत दोन-चार रुपेरी बटा. त्यांनी मला उचललं आणि कान लावून वाजवलं, एखाद्याची छाती तपासावी तसं.

"ताई, पाण्याला पाहिजे तर मोठा घ्या की," कडुबा म्हणाला. "हा पुरायचा नाय."

"पाण्याला नको, काका. औषध ठेवायचंय."

कडुबा नुसता बघतच राहिला. मीही बघत राहिलो, खरं सांगायचं तर.

या रत्नमाला सिस्टर. नाव मुद्दाम सांगतोय, कारण शाळेत ते कुणी घेत नाही. शिक्षकांना नावं आहेत, आडनावं आहेत. यांना नुसतं 'सिस्टर'. घरची माणसं जय भीमवाली, शिक्षणावर जीव टाकणारी. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन लेकीला नर्सिंग शिकवलं. बरीच वर्षं मोठ्या दवाखान्यात काढून त्या या शाळेत आल्या. इथं जिन्याखालची खोली मिळाली. आधी तिथं खेळाचं सामान असायचं, आणि फुटलेले फुटबॉल अजूनही कपाटामागं पडलेले आहेत. एक लोखंडी खाट, एक वजनकाटा, औषधांचं कपाट आणि मी, एवढा संसार.

मला का आणलं ते सांगतो. शाळेत प्रांजली नावाची मुलगी आहे, तेव्हा आठवीत होती. शेंद्र्याहून व्हॅननं यायची. बाप अंगद कंपनीत शिफ्टला जातो. आजी बानाबाईनं उभं आयुष्य मेंढरांमागं काढलं. या पोरीच्या अंगात साखर जिरवणारं इन्सुलिन तयारच होत नाही. ते रोज जेवणाआधी सुईनं घ्यावं लागतं. म्हाताऱ्या माणसांच्या साखरेसारखं ते नव्हे, ही सुई चुकली तर पोरीच्या जिवावर बेततं. आणि ते औषध उन्हानं नासतं. आपल्याकडचं मार्चचं ऊन तुम्हाला काय सांगायचं?

फ्रीज शाळेत आहे की. शिक्षकांच्या खोलीत आहे. सिस्टरनी आधी तिथंच जागा मागितली होती. "अहो सिस्टर, तिथं आमचं चहाचं दूध असतं, डबे असतात, त्यात सुया-बिया कुठं?" असं उत्तर मिळालं. म्हणून मी आलो. माझ्या पोटात ओली वाळू, वाळूवर प्लास्टिकची डबी, डबीत औषधाच्या शिश्या. दवाखान्यातून मिळालेल्या महिन्याभराच्या शिश्या सिस्टर माझ्याकडं ठेवायच्या. घरची संपली की एक घरी जायची. बानाबाईलाही त्यांनी असाच एक माठ घ्यायला लावला होता.

मधल्या सुट्टीची घंटा झाली की प्रांजली उड्या मारत यायची. दारातूनच मला हाक मारायची, "काय माठोबा, बरंय का?" आणि पोटावर टिचकी. मग खाटेवर बसून बोट पुढं करायची. सिस्टर थेंबभर रक्त घ्यायच्या, यंत्रात बघायच्या, मग दोघी मिळून औषध किती ते ठरवायच्या. सुई ती स्वतः घ्यायची. पहिल्यांदा घेतली तेव्हा रडली होती, आणि सिस्टर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होत्या, हे मी पाहिलंय. नंतर दोघी डबा उघडायच्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गप्पा. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ होता.

बाकी शाळेचं काय सांगू? पोराचं पोट दुखलं की वर्गातच ओवा. ताप आला की कुणाच्या तरी पर्समधली गोळी. चक्कर आली की ग्लुकोजचं पाणी. घोळणा फुटला की मान मागं टाकायची आणि नाकाशी कांदा. सगळे उपाय थकले की मग, "जा रे, सिस्टरच्या खोलीत जाऊन पड." शिक्षकही वाईट नव्हते हो. लेकरांवर माया असल्याशिवाय कुणी पर्समध्ये गोळ्या बाळगतं का? पण ठरवून झाल्यावर सिस्टर आठवायच्या. परीक्षेच्या दिवसांत बाकांवर नंबर चिकटवायला मात्र त्या सगळ्यात आधी आठवायच्या. एकदा खिडकीशी उभ्या राहून त्या आपल्याशीच म्हणाल्या, "यांना खाट पाहिजे असते, माझं काय काम?" मग त्या जखमेला बांधायच्या पट्ट्यांच्या घड्या घालत बसल्या.

मार्चमध्ये संस्थेचे लोक शाळा बघायला येणार होते. त्या गडबडीत प्रांजलीच्या वर्गशिक्षिका अंबिका मॅडम आमच्या खोलीत डोकावल्या. सिस्टर माझ्या वाळूवर पाणी शिंपडत होत्या.

"अगं बाई! हे काय, मडक्यात? इन्सुलिन मडक्यात ठेवता तुम्ही?"

"मॅडम, ओल्या वाळूनं गार राहतं. उन्हाळ्यात—"

"अहो, आपण काय रानात आहोत का? पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. ती माझ्या वर्गाची आहे, जबाबदारी माझी. आजपासून फ्रीजमध्ये. आणि सुई पण ती माझ्यासमोर तिथंच घेईल, एवढ्या उन्हात येरझारा कशाला?"

सिस्टरचा चेहरा पडला. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "फ्रीज मिळत असेल तर चांगलंच आहे मॅडम, माठापेक्षा चांगलं. मी मागं मागितलंच होतं. फक्त—"

"फ्रीज कसा वापरायचा ते कळतं हो मला, सिस्टर."

आणि डबी घेऊन मॅडम गेल्यासुद्धा. अंबिका मॅडम कोरड्या मनाच्या नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवतो. प्रांजलीच्या वाढदिवसाला घरून बिनसाखरेचा शिरा करून आणणारी बाई ती. पण त्या दिवशी त्यांना घाई होती, आणि समोर नुसती सिस्टर होती.

सिस्टरचं ते 'फक्त' तसंच हवेत राहिलं. त्यांनी माझ्यावर झाकण ठेवलं, जरा आपटूनच. "जाऊ दे. त्यांना सगळं कळतं. आपल्याला कोण विचारतंय?" असं म्हणाल्या आणि खाटेवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यात पाणी घातलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या रुसल्या होत्या. चांगल्या माणसाला रुसायचा हक्क नसतो असं थोडंच आहे? माझी वाळू हळूहळू सुकत गेली.

मधल्या सुट्टीत आता कुणी येईना. त्यातच परीक्षा तोंडावर आली आणि मुख्याध्यापक रामप्रसाद सरांनी सिस्टरना नंबर चिकटवायला वरच्या मजल्यावर पाठवलं. खोलीला कुलूप लागलं. मी आत एकटा.

अशाच एका दुपारी दारावर थाप पडली. "सिस्टर?" आवाज ओळखीचा होता, पण बसलेला. "सिस्टर, आहात का? लई तहान लागलीय... सारखी लागतीय." पुन्हा थाप. मग दाराला पाठ लावून कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. बराच वेळ ती तिथं बसली होती. घंटा झाली तशी उठली आणि पाय ओढत गेली. माझ्या पोटात तेव्हा पाण्याचा थेंब नव्हता, आणि असता तरी काय? तोंड आहे, पण वाचा नाही. त्या दुपारइतकी मला माझ्या मातीची चीड कधी आली नाही.

शनिवारी प्रार्थनेच्या वेळी मैदानात एकच गलका झाला. पुढचं मला सरूमावशीनं सांगितलं. सरूमावशी म्हणजे शाळा झाडणारी बाई. फरशी पुसता पुसता ती माझ्याशी बोलते, माणसं ऐकत नाहीत म्हणून. "प्रांजली धाडदिशी पडली बघ. अंबिका मॅडमनी डोकं मांडीवर घेतलं, लिंबू सरबत पाजायला लागल्या. सिस्टर वरून पळत आल्या, पोरीच्या तोंडाचा वास घेतला अन् वरडल्या, 'सरबत नको! गाडी काढा!' सिस्टरला एवढं मोठ्यानं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं."

पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं. सिस्टरनी तोंडाच्या वासावरून ओळखलं होतं तेच खरं, साखर भलतीच चढली होती, रक्तात विष व्हावं तशी. तिथल्या काचेच्या खोलीत ती कितीतरी दिवस पडून होती. सिस्टर शाळा सुटली की तिकडंच जायच्या.

एका सकाळी त्या आल्या, दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. माझ्यात हात घालून कोरडी वाळू मुठीत धरली आणि हमसून हमसून रडल्या. पोरगी शुद्धीवर आली होती, बोलली होती, पण मॅडमना बोलणी बसतील म्हणून फक्त सिस्टरशीच. औषध फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फात ठेवलेलं असायचं. एकदा गोठलं की त्या औषधातला जीव जातो. मग ते टोचलं काय नि पाणी टोचलं काय, सारखंच. मॅडम गोठलेली शिशी तळहातात चोळून, ऊब देऊन तिला द्यायच्या. वर रोज बोट टोचून पोरीला कशाला छळायचं, म्हणून साखर मोजणंही बंद केलं होतं. त्याच आठवड्यात घरची शिशी संपली आणि नवी गेली ती त्याच बर्फातली.

"बर्फात नको, दाराच्या कप्प्यात ठेवा," सिस्टर मला म्हणाल्या. "एवढंच सांगायचं होतं रे मला. एवढंच."

मी ऐकून घेतलं. दुसरं काय करणार?

शाळेत मात्र भलतीच वार्ता फिरत होती. औषध मडक्यात ठेवलं म्हणून नासलं! पालकांच्या मोबाईलवर माझा फोटो गेला, खाली कुणीतरी लिहिलं, 'हे बघा शाळेतलं हॉस्पिटल.' कुणी खिडकीतून वाकून मला बघून जायचे, एखाद्या गुन्हेगाराला बघावं तसं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी त्या आठवड्यात भोगलं. सरूमावशी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सांगा की सगळ्यांना." सिस्टर म्हणाल्या, "काय सांगू मावशी? मडकंवाली बाई आपला दोष दुसऱ्यावर ढकलते म्हणतील. आणि मी तरी कुठं धुतल्या तांदळासारखी आहे?"

मग बैठक ठरली. अंगद रजा टाकून येणार होता. त्या दिवशी दुपारी सरूमावशी आली आणि तिनं मला उचललं. "चल बाबा, तुला बोलावलंय साहेबांनी."

सिस्टर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. "आणि मला?"

सरूमावशीनं मान खाली घातली. "तुम्हाला नाय सांगितलं. लागलं तर बोलवू म्हणाले."

बघा, म्हणजे बैठक कशाची तर सिस्टरच्या कामाची, आणि तिथं बोलावणं कुणाला तर माठाला. सिस्टर परत खाटेवर बसल्या. "सांभाळून ने त्याला," एवढंच म्हणाल्या.

सरांच्या खोलीत काचेचं मोठं टेबल आहे. त्यावर वर्तमानपत्र पसरून मला ठेवलं. एका बाजूला रामप्रसाद सर, त्यांच्या शेजारी अंबिका मॅडम. समोर कंपनीच्या कपड्यात अंगद आणि खुर्चीच्या अगदी कडेला, डोक्यावरचा पदर धरून बसलेली बानाबाई. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. नातीनं तिचं नाक घेतलंय.

सर म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं. शाळेनं गंभीर दखल घेतली आहे. असा निष्काळजीपणा आम्ही खपवून घेणार नाही. सिस्टरना या महिन्यापासून थांबवतो आहोत. आणि प्रांजलीच्या बाबतीत, तिच्याच भल्यासाठी बरं का, तिनं परीक्षा घरून द्यावी. पुढल्या वर्षी तिच्या सोयीची दुसरी शाळा बघावी. इथं एवढी मुलं, कुणाकुणाकडं बघणार?"

"मी तिला ठेवतच नाय शाळंत," अंगद म्हणाला. "मरता मरता वाचली पोरगी. माझी एकुलती एक हाय, सर. औषध मडक्यात ठेवतेत का कुठं? कामून ठेवलं? इचारा की त्या बाईला!"

पण विचारायचं कुणाला? ती बाई जिन्याखाली बसलेली. मला वाटलं, संपलं सगळं. सिस्टर जाणार, पोरगी घरी बसणार, आणि मला कुणीतरी उकिरड्यावर फोडणार.

तेवढ्यात बानाबाईनं हात लांब केला आणि मला वाजवलं. सवयच असते ती, माठ दिसला की बाईमाणसाचा हात जातोच. मी खणखणीत बोललो. मग तिनं माझ्यात हात घातला, वाळू चिमटीत घेतली.

"आरं अंगद, हे तर कोरडं ठणठणीत हाय."

"आई, तू गप बस."

"गप कामून? आपल्या घरी बी पोरीचं औषध मडक्यातच असतं ना? त्या ताईनंच शिकिवलं. रोज पानी घालावं लागतं. एक दिस राहिलं तर ताई पोरीच्या हाती निरोप धाडती. ती याला असं कोरडं ठेवल व्हय? यात औषध नव्हतंच कितीतरी दिस." तिनं सरांकडं पाहिलं. "ती ताई कुठं हाय? तिला इचारलं का कुणी?"

"आजी, त्याची गरज नाही," सर म्हणाले. "प्रकरण स्पष्ट आहे."

अंबिका मॅडम इतका वेळ स्वतःच्या तळहातांकडं बघत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "सर, आजी बरोबर बोलताहेत. औषध माठात नव्हतं. माझ्याकडं होतं."

"मॅडम, बसा तुम्ही."

"नाही सर. बोलू द्या. फ्रीजच्या खालच्या भागात आपलं दूध नासतं, म्हणून मी ते वर, बर्फात ठेवलं. मला वाटलं, जेवढं गार तेवढं चांगलं. गोठलेली शिशी मी या हातांनी चोळायचे, आणि पोरगी म्हणायची, मॅडमचे हात किती गरम."  मग अंगदकडं बघून म्हणाल्या, "परवा दवाखान्यात डॉक्टरांना मीच सहज विचारलं, गोठलं तर चालतं ना? तेव्हा कळलं. दोन दिवस मी गप्प बसले. सिस्टर त्या दिवशी मला काहीतरी सांगत होत्या. 'फक्त' म्हणाल्या होत्या. मी पुढचं ऐकलंच नाही."

 सर भानावर आले ते एकदम घाईत. "हे बाहेर बोलायचं नाही. आपण नंतर बसू. आधी हे मडकं न्या इथून!" असं म्हणत त्यांनी मला बाजूला लोटलं. टेबलावर पितळी पेपरवेट होता, त्याच्यावर मी जाऊन आदळलो. टच्च झालं. कुणाला ऐकू आलं नाही, पण मला कळलं. गळ्यापासून पोटापर्यंत एक बारीक चीर गेली होती.

"बोलवा त्या ताईला," बानाबाई म्हणाली. अंगदनं मान हलवली. सरूमावशी दाराशीच उभी होती, ती पळाली.

सिस्टर आल्या. सरांनी बसा म्हटलं नाही. अंबिका मॅडमनी आपली खुर्ची पुढं केली, पण त्या बसल्या नाहीत. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहून सगळं पुन्हा बोलल्या, पहिल्यापासून. सिस्टरनी ऐकून घेतलं.

"चूक एकट्या मॅडमची नाही," त्या म्हणाल्या. "मला राग आला होता. मला विचारत नाहीत ना, मग मी तरी कशाला सांगू, असं धरून बसले. फ्रीज उघडून बघायला मला कुणी अडवलं नव्हतं. पोरगी माझ्या दारावर थाप मारून गेली आणि मी वर नंबर चिकटवत होते. तिनं दवाखान्यात मला विचारलं, सिस्टर, तुम्ही रागावलात का माझ्यावर?"  डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "सर, मला ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा. पण पोरीच्या औषधाचं आता मला विचारल्याशिवाय कुणी ठरवायचं नाही. आणि मला सांगायचं असेल तर मी पूर्ण सांगेन, कुणाला आवडो न आवडो."

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. 

 अंगद मान वर करून म्हणाला, "ताई, मला तर काय बी समजना. तुम्हीच सांगा. पोरीला शाळंत पाठवू का नको?"

सगळे सिस्टरकडं बघायला लागले. सरसुद्धा. एवढ्या वर्षांत या शाळेत त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे आणि त्यांना ठाऊक आहे.  

"पाठवा," त्या म्हणाल्या. "बरी झाली की पाठवा. मी आहे."

बानाबाईनं उठून त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

जूनमध्ये प्रांजली नववीत आली. जरा वाळलीय, पण टिचक्या मारायची खोड गेलेली नाही. सिस्टरही आहेत. त्यांना काढायचा विषय सरांनी पुन्हा काढला नाही. चूक झाली असंही ते कधी म्हणाले नाहीत. शिश्या आता फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात असतात आणि रोज सिस्टर स्वतः जाऊन त्या बघतात. मधल्या सुट्टीत पोरगी सुई घ्यायला इथंच, या खाटेवर येते. सगळं बदललंय असं समजू नका. परवाच चाचणीचे नंबर चिकटवायला सिस्टरना बोलावणं आलं. मात्र या खेपेला त्यांनी सांगून टाकलं, "मधल्या सुट्टीत मी खोलीतच असणार." आणि त्या खरंच खोलीत होत्या.

गेल्या आठवड्यात अंबिका मॅडम एका पोराला धरून आल्या. घोळणा फुटला होता. ना कांदा, ना मान मागं. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रत्नमालाताई, काय करू?" शाळेत त्यांचं नाव कुणी घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सिस्टर लगबगीनं उठल्या, म्हणाल्या, "या मॅडम, आत या. याला जरा पुढं वाकवा आणि नाक चिमटीत धरा."

माझं म्हणाल तर चीर वाढत चाललीय. पाणी धरवत नाही. सरूमावशी मला बाहेर टाकायला निघाली होती, सिस्टरनी हातातून काढून घेतलं. आता माझ्या पोटात कापसाचे बोळे असतात. प्रांजली टिचकी मारते तेव्हा पूर्वीसारखा आवाज येत नाही, नुसतं बद्द होतं. "माठोबा, घसा बसला रे तुझा," म्हणते. मनकर्णाबाई 'टिकल' म्हणाली होती. बघू, टिकेन तेवढं टिकेन.

तुमच्या लेकरांच्या शाळेतही जिन्याखाली एखादी खोली असेल, आणि त्या खोलीत कुणीतरी पट्ट्यांच्या घड्या घालत बसलेलं असेल. माठ घेताना तुम्ही वाजवून घेता, मग लेकराच्या औषधाचं ठरवताना तिला एकदा विचारा. आणि ती 'फक्त' म्हणून थांबली, तर दोन मिनिटं उभे राहा. पुढचं ऐकून मग जा.